काही हरकत नाही

अ‍ॅशबर्नच्या मराठी मंडळींत शशिकांत उमाळकरांना आडनावानं कोणी ओळखत नाही. ते सगळ्यांचे इलेक्शन काका. मंडळाची कार्यकारिणी निवडायची असली की शाळेच्या कॅफेटेरियातलं कोपऱ्यातलं टेबल पकडून ते बसणार. पुढ्यात सभासदांची यादी, बाजूला पुठ्ठ्याचा खोका. खोका उलटा करून तो रिकामा असल्याचं चारही बाजूंना दाखवणार, मग सुतळीनं बांधून गाठीवर मेणबत्तीचं मेण ठिबकवणार. मतं पडतात साठ-सत्तर, आणि कोण निवडून येणार हे इडलीच्या रांगेत आधीच ठरलेलं असतं. गूगल फॉर्मवर दोन मिनिटांत काम होईल असं तरुण मंडळी दरवर्षी सुचवतात. काका ऐकून घेतात आणि म्हणतात, "काही हरकत नाही. पण यंदा खोक्यातच टाका."

बाकीचे लोक 'हरकत नाही' म्हणतात ते बोलण्याच्या ओघात. काकांच्या तोंडी त्या शब्दाला वजन होतं. वर्ध्याच्या कलेक्टर कचेरीत ते कारकून म्हणून लागले, नायब तहसीलदार झाले, आणि त्यातली चौदा वर्षं निवडणूक शाखेत गेली. यादी मतदारांची असो, रेशनकार्डांची असो की अंगणवाडीच्या मदतनिसांची, ती आधी दारावर लावायची. खाली लिहायचं, 'हरकती असल्यास सात दिवसांच्या आत लेखी कळवाव्यात.' सात दिवसांत कोणी फिरकलं नाही की शेरा मारायचा, 'हरकत नाही.' तीन प्रती. एक दारावर, एक फायलीत, एक वर. एवढं नीट केलं की गरिबातल्या गरीब माणसाचंही नाव कोणाला गुपचूप खोडता येत नाही, असा त्यांचा विश्वास होता. वर्ध्यात तो खोटाही नव्हता.

हाच विश्वास बरोबर घेऊन ते २००९च्या शेवटी बिनपगारी रजेवर अफगाणिस्तानात गेले होते. एका अमेरिकन कंपनीला तिथं मतदान केंद्रांवरच्या लोकांना शिकवायचं कंत्राट मिळालं होतं. जिथं वीज नाही, रस्ता नाही, पेटी बैलगाडीतून न्यावी लागते, अशा ठिकाणी निवडणूक घेतलेली माणसं त्यांना हवी होती. अशी माणसं अमेरिकेत कुठून मिळणार? दीड वर्ष काकांनी काबूलच्या उत्तरेला चारीकार नावाच्या गावात काढलं. मग वर्ध्याला परत, निवृत्ती, बायकोचं आजारपण आणि जाणं. मुलगा सिद्धेश अ‍ॅशबर्नला एका डेटा सेंटरमध्ये होता, त्यानं बोलावून घेतलं. आता काकांकडे अमेरिकेचा पासपोर्टही आहे. पार्टीत कोणी अफगाणिस्तानचा विषय काढला की ते तिथल्या तुतींबद्दल, द्राक्षांबद्दल बोलतात. आणखी खोदलं तर म्हणतात, थंडी फार.

गेल्या ऑक्टोबरात त्यांची सून नेत्रा दिवाळीसाठी दोन ब्लाउज सैल करून घ्यायला शॉपिंग प्लाझातल्या शिवणाच्या दुकानात गेली. काउंटरमागे डोक्याला रुमाल बांधलेली, चाळिशीची एक अफगाण बाई होती. शकीबा तिचं नाव. लहानपण पेशावरच्या निर्वासित छावणीत गेलेलं, त्यामुळे उर्दू चांगली. पावतीवर आडनाव लिहिता लिहिता तिचा हात थांबला. तिनं नेत्राकडून स्पेलिंग पुन्हा घेतलं. मग ओठांत धरलेल्या टाचण्या एकेक करून काढून डबीत ठेवल्या आणि विचारलं, "तुमच्या घरात शशिकांत म्हणून कोणी आहेत?"

"माझे सासरे. का हो?"

"माझ्या बहिणीनं या माणसाच्या हाताखाली काम केलंय," शकीबा म्हणाली आणि खाली बसली.

रविवारी दुपारी ती घरी आली. नेत्रानं तिच्यासाठी वेलची घातलेला कोरा चहा केला, काकांसाठी नेहमीचा दुधाचा. शकीबा फार वेळ बोलली, आणि तक्रारीचा सूर एकदाही लागू न देता बोलली. बहिणीचं नाव रोया. चार वर्षं झाली, रोया एका नातेवाइकाकडून दुसऱ्याकडे अशी घरं बदलत राहते आहे. सरकार कोसळलं त्या आठवड्यात तिनं आपली सगळी कागदपत्रं, ओळखपत्र, प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट, स्वतःच्या हातानं तंदुरात घातली. तरी दोन महिन्यांनी नव्या राजवटीची माणसं तिच्या वडिलांच्या दाराशी आलीच. त्यांच्या हातात जिल्हा कचेरीतली फाइल होती. तीत एकतीस बायकांची यादी. नाव, बापाचं नाव, शाळा, फोटो. कागद अकरा वर्षांचा जुना, पण प्लास्टिकच्या कव्हरात जपलेला, एकही कोपरा दुमडला नव्हता. खाली इंग्रजीत सही. ती सही वडिलांनी फोनवर एकेक अक्षर करून शकीबाला सांगितली होती. म्हणूनच तर हे आडनाव तिला पाठ होतं.

काकांच्या चहावर साय धरली. नेत्राला वाटलं, बशी सरकवावी. पण तिनं हात मागे घेतला.

शकीबाचं मागणं एवढंच होतं, की अमेरिकेसाठी काम केलेल्या अफगाणांना व्हिसा मिळायची जी योजना आहे, तिच्या अर्जाची मुदत डिसेंबरअखेर संपते आहे. अर्जाला वरिष्ठाचं पत्र लागतं आणि तो वरिष्ठ अमेरिकन नागरिक असलेला बरा. कंपनी कधीच बंद पडली. रोयाच्या नोकरीचा या जगात दुसरा साक्षीदार नाही.

"लिहितो," काका लगेच म्हणाले. "काही हर..." आणि तिथंच थांबले.

पुढचे चार-पाच दिवस ते एरवीपेक्षा जास्त चालले. सकाळी फिरायला जात ते डेटा सेंटरांच्या लांबलचक, खिडक्या नसलेल्या भिंतींच्या कडेनं. आतून पंख्यांची घरघर सतत येत असते, ऐकायची सवय झाली की ऐकू येत नाही. त्या घरघरीत त्यांना चारीकार आठवत राहिलं.

ते तिथं पोचले तेव्हा एक निवडणूक नुकतीच होऊन गेली होती. बायकांची केंद्रं बायकांनीच चालवायची असा नियम. पण काम करायला बायका मिळत नव्हत्या. मग कागदावर कोणाची तरी नावं घालायची, केंद्राला कुलूप ठेवायचं आणि पेट्या गावातल्या बंदूकवाल्या कमांडरच्या माणसांनी घरी बसून भरायच्या. काकांनी हे एका नजरेत ओळखलं. रोजगार हमीच्या मस्टरवर मेलेल्या माणसांच्या हजेऱ्या त्यांनी उभ्या आयुष्यात थोड्या का पकडल्या होत्या! आणि या रोगावरचं औषध त्यांना ठाऊक होतं. खऱ्या बायका नेमायच्या, त्यांची यादी फोटोसकट दारावर लावायची आणि हरकती मागवायच्या.

रोया मुलींच्या शाळेत गणित शिकवणारी, चोवीस वर्षांची, या सगळ्या बायकांची पुढारी. काकांनी आपल्या वऱ्हाडी हिंदीत, पेशावरच्या छावण्यांत उर्दू शिकून आलेल्या त्या प्रशिक्षणाच्या वर्गाला समजावलं की यादीबद्दल कोणाला हरकत असेल तर सात दिवसांत कळवावी. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मग रोया उठून म्हणाली, "उस्ताद, आमच्याकडे हरकत म्हणजे हलणं. निघणं. बस सुटली की आम्ही म्हणतो, बसनं हरकत केली." त्या दिवशी वर्गात हसू मावेना. दोघी-तिघींनी बाकावर बसल्या बसल्या खांदे हलवून विचारलं, एवढी हरकत पुरे का उस्ताद?

हसून झाल्यावर रोया एकटी येऊन भेटली. तिच्या मोठ्या बहिणीच्या लग्नपत्रिकेवर बहिणीचं नाव नव्हतं, फक्त अमक्याची मुलगी. आजीच्या कबरीवरही नाव नाही. परक्या पुरुषापुढे बाईचं नाव उच्चारलं तर भांडणं होतात, आणि उस्ताद तेच नाव बाजारातल्या कचेरीच्या दारावर लावणार? संख्या लावा, ती म्हणाली, एकतीस. नावं नको. काकांनी तिला तासभर समजावलं. ज्या बाईचं नाव भिंतीवर आहे तिच्या जागी दुसरं कोणी बसू शकत नाही. नाव हेच तर सगळं आहे. रोयानं एक दिवस विचार केला आणि दुसऱ्या दिवशी पहिला फोटो तिनंच आणून दिला. मग बाकीच्यांनी दिले.

तिचे वडील द्राक्षमळेवाले. त्यांनी एकदा काकांना जेवायला बोलावलं होतं. वरून हेलिकॉप्टर गेलं तसा गालिच्यावरचा पेला थरथरला. म्हातारा म्हणाला, "तुम्ही फार न्यायाचे दिसता. एकतीस पोरींसाठी दारावर कागद लावून आम्हाला विचारलंत. हे जे वरून गेलं, त्याच्यासाठी कोणी कागद लावला होता का? आम्ही सात दिवस वाट पाहिली असती." काका तेव्हा हसले होते. म्हाताऱ्याची जीभ तिखट आहे एवढंच त्यांच्या मनात आलं.

सात दिवस गेले. एकही हरकत आली नाही. काकांनी समाधानानं शेरा मारला, सही केली. रोया टेबलाशी उभी होती. ती म्हणाली, "उस्ताद, कोणी हललं नाही याचा अर्थ सगळ्यांना पटलं असा नसतो." ते त्यांना कोटीसारखं वाटलं.

दहाव्या दिवशी अनुक्रमांक अकरा शाळेतून घरी जाताना रस्त्यात मारली गेली. संध्याकाळी दारावरची यादी काढली. फायलीतली प्रत आणि वर गेलेली प्रत जिथल्या तिथं राहिली. त्या परत मागवा असा आदेश कोणी दिला नाही आणि काकांनाही सुचलं नाही. फायलीतला कागद काढायचा नसतो, हेच तर त्यांनी जन्मभर लोकांना शिकवलं होतं. अकरा बायकांनी नाव मागे घेतलं. उरलेल्या एकोणीस मतदानाच्या दिवशी हजर झाल्या. रोयाच्या केंद्रात दोनशे बारा बायकांनी मतं दिली, काकांसमोर मोजणी झाली. पुढे काबूलला त्या गावच्या सगळ्याच पेट्या रद्द ठरल्या, कारण शेजारच्या पुरुषांच्या केंद्रात सहाशे मतं कोंबलेली निघाली. सुक्याबरोबर ओलंही जळलं. कंपनीच्या अहवालात मात्र दारावरच्या यादीचा फोटो छापून आला, खाली बायकांच्या सहभागाबद्दल चार कौतुकाच्या ओळी.

"बाबा, त्या लोकांना डेमोक्रसी नकोच होती," सिद्धेश जेवताना म्हणाला. "तुम्ही कशाला स्वतःला लावून घेता?"

"नकोच होती हे तुला कोणी सांगितलं? दोनशे बारा बाया रांगेत उभ्या होत्या बाप्पा."

"मग हवी होती म्हणा."

"हवी होती हे तरी मला कोणी सांगितलं?" काका म्हणाले आणि ताट घेऊन उठले.

खरं तर त्यांना वेगळंच काहीतरी खात होतं. वर्ध्यात दारावर यादी लागते आणि कोणी तिच्यावर बोट ठेवून माणसाला मारत नाही. ते यादीमुळे होतं, असं ते आयुष्यभर समजत आले. आता चालता चालता ते मोजू लागले. यादीमागे तलाठी होता, त्याच्यावर ओरडणारा विरोधी पक्षाचा कार्यकर्ता होता, गावातला वार्ताहर, शिक्षकांची संघटना, फुकट केस लढणारा एखादा वकील, आणि 'माझं नाव कसं काय कापलं' म्हणून पदर खोचून कचेरीत येणारी बाई होती. हे सगळं काकांनी उभं केलेलं नव्हतं. ते त्यांच्या आधीपासून होतं, आणि तेही कुठं धड, कुठं मोडकं. चारीकारला त्यांनी नेला तो फक्त कागद. कागदामागे उभी होती परदेशी फौज, आणि ती एक दिवस जाणार हे द्राक्षमळ्यातल्या म्हाताऱ्यालाही ठाऊक होतं.

पुढच्या रविवारी सकाळी शकीबानं फोन लावून दिला. तिकडे संध्याकाळ होती. चेहरा दिसणार नाही, ती आधीच म्हणाली होती. आवाज आला तो काकांना ओळखीचा वाटला नाही. रोयानं त्यांची तब्येत विचारली, वहिनी कशा आहेत विचारलं, गेल्याचं कळल्यावर दुवा म्हटली. मग काकांनी माफी मागितली. मागता मागता त्यांना अनुक्रमांक अकराबद्दल बोलायचं होतं, आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की त्या बाईचं नाव त्यांना आठवत नाही. आकडा आठवतो, फोटोतल्या रुमालाची नक्षी आठवते. नाव नाही.

"माहगुल," पलीकडून रोया म्हणाली. "बाप शेर अहमद. तुम्हीच लिहून घेतलं होतं."

काकांनी ते नाव दोनदा उच्चारलं. नेत्रा दारात उभी होती. सासऱ्यांचा आवाज असा फाटलेला तिनं सासूबाई गेल्या तेव्हाही ऐकला नव्हता.

"उस्ताद, ऐका," रोया म्हणाली. "त्या सात दिवसांत मी चार वेळा बाजारात गेले. उगीच. दारावरचं माझं नाव वाचायला. ते माझं आहे, त्याबद्दल माफी मागू नका. पण पत्रात एक करू नका. त्याला डेमोक्रसी म्हणू नका. मी केंद्र सात वाजता उघडलं, दोनशे बारा मतं मोजली, एक खोटं घातलं नाही. एवढं लिहा. ते खरं आहे."

काकांनी पत्र हातानं लिहिलं, दीड पान. वेळ, केंद्र, आकडे. आणि यादीचा परिच्छेद. तो पाच वेळा लिहावा लागला. जन्मभर त्यांनी 'यादी प्रसिद्ध करण्यात आली' असंच लिहिलं होतं. कचेरीच्या भाषेत सगळं करण्यात येतं, करणारा कोणी नसतो. पाचव्या खेपेला त्यांनी लिहिलं, 'तिनं नको म्हटलं असताना ही यादी मी दारावर लावली आणि मीच तिची प्रत फायलीत ठेवली. तिच्या जिवाला असलेला धोका या कागदातून आला आहे.' नेत्रानं ते इंग्रजीत टाइप केलं.

मंडळातल्या एका कुटुंबाची मुलगी, प्रीता, इथंच जन्मलेली, अशा अर्जांची वकिली करते. ती पत्र वाचायला घरी आली. यादीचा परिच्छेद वाचून तिनं काकांकडे पाहिलं आणि तो राहू द्या म्हणाली. त्यानं धोका सिद्ध होतो. अडचण दुसरीकडे होती.

"काका, हे ऑनेस्ट आहे. पण ऑफिसर शोधणार ते व्हॅल्युएबल सर्व्हिस. तिच्या कामाचा अमेरिकेच्या मिशनला काय फायदा झाला? तुम्ही लिहिलंय, मतं रद्द झाली."

"झालीच रद्द."

"ते काढू. आणि इथं एक सेंटेन्स टाकू." तिनं लॅपटॉप फिरवला. वाक्य तयारच होतं. रोयाच्या कामामुळे अफगाणिस्तानात लोकशाही रुजायला मोलाची मदत झाली.

काकांनी ते वाक्य ओठांत वाचलं. "हे नाही टाकलं तर?"

"तर तो विचारेल, मग हे सगळं कशासाठी होतं? आणि पुढं वाचणार नाही."

"बरोबरच विचारेल ना तो."

"विचारेल काका. पण उत्तर रोयानं का द्यायचं?" प्रीता म्हणाली. मग हलक्या आवाजात, "सध्या हवा चांगली नाहीये. सगळं भरून दिलं तरी फाइल हलेल याची मी गॅरंटी देत नाही. हे वाक्य नसेल तर मात्र हलणार नाही, हे नक्की सांगते."

आठवडाभर काकांनी पत्र तसंच ठेवलं. खोट्या कागदावर त्यांनी उभ्या नोकरीत सही केली नव्हती. दोन बदल्या त्यापायी झाल्या होत्या, आणि त्या बदल्यांचा त्यांना कुणाला न सांगितलेला अभिमान होता. नेत्रा एकदाच बोलली. भाजी निवडता निवडता, मान वर न करता. "बाबा, तेव्हा तुम्ही तुमच्या नियमासाठी तिचं ऐकलं नव्हतं. आताही तिचं न ऐकताच सही करावी लागणार, पण निदान तिच्यासाठी."  निवडलेल्या शेंगांतली एक उचलून काकांनी पुन्हा सोलली आणि टोपलीत टाकली.

डिसेंबरचा दुसरा रविवार. बाहेर रस्त्याकडेला राखी बर्फ साचला होता. शकीबा सकाळीच आली. वाक्य पत्रात होतं. काकांनी प्रत्येक पानावर सही केली, तारीख घातली. शकीबानं बहिणीला फोन लावला आणि पत्र एकेक ओळ करून त्यांच्या दारी भाषेत सांगू लागली. मध्ये मध्ये पलीकडून हुंकार येत होता. सात वाजता केंद्र उघडलं, हुं. दोनशे बारा मतं, हुं. मग शकीबा मंदावली. त्या एका ओळीला तिला बराच वेळ लागला.

हुंकार आला नाही. नुसतीच खरखर आली, आणि लांबवर कुठंतरी बंबासारखं काही ठोकल्याचा आवाज. मग रोया काहीतरी म्हणाली.

शकीबा वळली. "विचारते आहे, हे वाक्य उस्तादांनी स्वतः लिहिलं का?"

नेत्रानं काकांकडे पाहिलं. प्रीताचं नाव घेणं सोपं होतं. वकिलानं घातलं म्हटलं असतं तर रोयाला पटलंही असतं, आणि काकांचा हातही कोरा राहिला असता.

"मी लिहिलं म्हणावं," काका म्हणाले. "माझंच वाक्य आहे."

शकीबानं ते सांगितलं. पुन्हा खरखर. मग पलीकडून रोयाचा आवाज आला, सपाट, वर्गात पुढचं उदाहरण घ्यायला सांगावं तसा. त्यातला प्रत्येक शब्द काकांना समजला नाही, पण शकीबानं मान हलवली, चष्मा सारखा केला आणि पुढची ओळ वाचायला घेतली.